जोमा मिस्त्रीची ठिणगी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि जे उरलेत ते मोजण्यात माझ्याइतकेच कच्चे. तेव्हा आडवेळच्या खाडीवर पूल नव्हता, बंदराला धक्का नव्हता, आणि साऱ्या कोळीवाड्यात इंजिनाची होडी एकच होती. तिचं नाव रायवंती. बाकी सगळा कारभार शिडावर आणि वल्ह्यावर.

खाडीच्या तोंडाशी तीन काळे खडक आहेत, ते तुम्ही पाहिलेत. भरतीला बुडतात, ओहोटीला दात काढून बसतात. त्यांना सासवा म्हणतात. हे नाव कुणा सुनेनंच ठेवलं असणार, त्यात शंका नको. पण हसू नका रे. वाड्यातली जेवढी माणसं पटकीनं नेली नाहीत, तेवढी या सासवांनी नेली. जोमाचा बाप त्यांनीच नेला. जोमा तेव्हा पोरगेलासा होता आणि काठावर उभा होता. बापाचा हात पाण्याच्या वर आला, पुन्हा एकदा आला, आणि मग आला नाही. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून जोमाने समुद्रात पाऊल घातलं नाही. कोळ्याच्या पोटी जन्म आणि पाण्याची भीती! वाडा त्याला काय सोडतोय? ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून बाया फिदीफिदी हसायच्या. तो बिचारा खाली मान घालून निघून जायचा. पुढे तो दूरच्या एका बंदराच्या गावी कारखान्यात राहिला, इंजिनं खोलायला-जोडायला शिकला, आणि मिस्त्री होऊन परत आला. तरी भीती होती तशीच होती. होडी वाळूवर ओढून घेतली तरच तो तिच्यात चढायचा, आणि समुद्राकडे पाठ करून बसायचा.

रायवंतीचं इंजिन म्हणजे म्हातारीच होती. कुठल्याशा जुन्या लाँचमधून काढलेलं, पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर चालायचं. चाकाला दोरी गुंडाळायची आणि जोरात हिसका मारायचा. मनात आलं तर सुरू व्हायचं, नाही तर खोकून गप्प. मग जोमाला बोलावणं जायचं. तो इंजिनापाशी उकिडवा बसायचा आणि वैदू बाईमाणसाला विचारतो तसं विचारायचा, “प्यायलीस का गो? श्वास घेतेस का? का ठिणगीच विझली?” प्यायली असेल तर प्लग ओला असायचा. श्वास असेल तर दोरी ओढली की सुस्कारा ऐकू यायचा. आणि ठिणगी? ती प्लगाच्या टोकाला दिसायला हवी, बारीकशी, निळी. या तिन्हींत कुठंतरी दुखणं सापडायचंच. असं म्हणतात की जोमाने हात लावलेलं इंजिन कधी मेलं नाही.

रायवंतीचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बुधाजी. छाती ही एवढी, आवाज त्याहून मोठा. जोमाची धाकटी बहीण चांगुणा त्याची बायको. “मला दर्या भितो,” असं म्हणायचा बुधाजी, आणि इंजिन आल्यापासून तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. त्या साली त्याने डोलकाठी आणि शीड काढून घराच्या पडवीत टाकलं. म्हणाला, “आता वाऱ्याची मिनतवारी कोण करील?” नांगर तेवढा ठेवला, तोही कुणीतरी बोललं म्हणून.

बुधाजीची आई नागूआय. तिच्या अंगात खाडीवरची देवी यायची. सारा वाडा तिला वचकून असे, आणि जोमा तर तिची सावली दिसली तरी वाट बदलायचा. नारळी पौर्णिमेला रायवंतीची पूजा नागूआयनं केली. दर्याला नारळ दिला, होडीला दिला, आणि मग म्हणाली, “खरी मालकीण तर ही!” असं म्हणून तिने एक नारळ थेट इंजिनाच्या डोक्यावर फोडला.

जोमा होडीच्या कडेला उभा होता. त्याने पाहिलं की नारळाचं पाणी ओघळलं आणि एका गोल डबीच्या झाकणाखाली शिरलं. मॅग्नेटो म्हणतात त्या डबीला. ठिणगी जन्माला येते ती तिच्यातच. जोमा पुसायला पुढे झुकला. तेवढ्यात नागूआयनं तेलात कालवलेला शेंदूर त्या डबीवर थापला, झाकणाच्या फटीसुद्धा लिंपून टाकल्या आणि डोळे फिरवून बोलली, “पहिली मासळी काठाला लागेपर्यंत हिला कुणी उघडायची नाय. जो उघडील, त्याचं घर उघडं पडंल.”

आता बोलायला हवं होतं. झाकण काढू द्या, पुसू द्या, एवढंच. जोमाने तोंड उघडलं. सगळ्या वाड्याने त्याच्याकडे पाहिलं, नागूआयनंही पाहिलं, आणि त्याची बोबडी वळली.

“काय रं दादूस?” चांगुणानं विचारलं.

“काय नाय,” जोमा म्हणाला.

संध्याकाळी बुधाजीने हौसेनं दोरी ओढली. इंजिन पहिल्या हिसक्याला सुरू झालं. जोमाने सुटकेचा श्वास सोडला. मनाशी म्हणाला, बरं झालं बोललो नाही, उगाच शोभा झाली असती. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो, पाहा.

सकाळी रायवंती सासवांच्या बाहेर गेली. वाड्यातल्या बाकीच्या होड्या उत्तरेला लांब गेल्या होत्या. दुपार कलली तसं आभाळ काळंनिळं झालं आणि वारा पश्चिमेचा उठला. बायका काठावर जमल्या. दूर रायवंती दिसली, परत येत होती. इंजिनाचा फटफट आवाज लाटांवरून येत होता. खाडीत शिरायला पाणी चढायची वाट बघत बुधाजीने सासवांच्या बाहेर इंजिन बंद केलं आणि शेवटचं जाळं वर घेतलं. जाळं आत आलं. पण आवाज पुन्हा आला नाही.

जोमा झाडाखाली पाठमोरा बसला होता. आवाज थांबलेला त्याने सगळ्यांच्या आधी ओळखला. तो वाट बघत राहिला. एक हिसका, दुसरा हिसका, असं तो मनातल्या मनात दोरी ओढत होता. आवाज नाही. काय झालंय ते त्याला बसल्या जागी कळलं. नारळाचं गोड पाणी दिवसभराच्या उष्णतेनं आटलं असणार, आणि त्याचा चिकटा आत धरला असणार. गरम होतं तोवर चाललं, थांबलं ते थांबलंच.

त्याने मागे वळून पाहिलं. रायवंती आडवी झाली होती. नांगर टाकलेला दिसत होता, पण खाली खडक, नांगर कुठे धरतोय? वारा तिला सासवांकडे लोटत होता आणि होडीवर शीड नव्हतं. बुधाजी आणि त्याचे खलाशी वल्ही मारत होते, पण एवढ्या मोठ्या होडीला दोनचार वल्ह्यांनी काय होणार? बायका ऊर बडवू लागल्या. काठावर म्हातारे होते, पोरं होती. धडधाकट पुरुष एकच होता, आणि तो जोमा.

चांगुणा रडली नाही. तिने पदर खोचला आणि वाळूवरचं छोटं होडकं पाण्याकडे ओढायला घेतलं. एक म्हातारा म्हणाला, “पोरी, येडी झालीस?” तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. होडकं पाण्याला लागल्यावर ती वळली. सगळ्यांना वाटलं, आता ही भावाला शिव्या घालणार, नाही तर पाया पडणार. तिने तसलं काही केलं नाही. फक्त विचारलं, “दादूस, भितोस?”

जन्मभर वाड्याने त्याला सांगितलं होतं की तू भित्रा आहेस. विचारलं कुणी नव्हतं. जोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. “भितो गो,” तो म्हणाला. “लय भितो.”

“मी पन भिते. चल.”

आणि जोमा मिस्त्री हत्यारांची पिशवी पोटाशी धरून पाण्यात उतरला. असं म्हणतात की त्याला चांगुणानं काखेत हात घालून आत बसवलं.

पुढचं सगळं काठावरच्यांनी पाहिलं आणि आपल्या नातवंडांना सांगितलं. वल्ही चांगुणा मारत होती. लाट आली की होडकं दिसेनासं व्हायचं, बायका डोळे मिटायच्या, उघडायच्या तेव्हा ते पुन्हा वर आलेलं असायचं. जोमाने डोळे गच्च मिटले होते. मिटले की बापाचा हात दिसायचा, आणि उघडले की सासवा दिसायच्या. करतो काय बिचारा? तो मोठ्याने बोलत राहिला, “भितो, भितो, भितो,” आणि त्या शब्दाच्या तालावर चांगुणा वल्हं मारत राहिली.

रायवंतीवरून दोर आला. आधी जोमाला वर ओढलं, मग चांगुणाला. तिचा पाय होडक्यावरून निघतो न निघतो तोच ते लाटेनं उचललं आणि सासवेवर आपटून त्याच्या चिरफळ्या झाल्या. आता परत जायला काही उरलं नाही. इंजिन सुरू होणार, नाही तर सगळे मरणार, एवढाच हिशोब.

बुधाजीच्या तळहातांची सालं दोरी ओढून ओढून गेली होती. दर्याला भिववणारा तो, पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. “जोमा, कायतरी कर,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की चांगुणाला आधी ओळखू आला नाही.

जोमा इंजिनापाशी उकिडवा बसला. हात सवयीनं चालत होते. प्लग काढला, नाकाला लावला. ओला, पेट्रोलचा वास. म्हणजे प्यायली आहे. दोरी ओढायला लावली. सुस्कारा आला. म्हणजे श्वास आहे. मग प्लग वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. पण ठिणगी दिवसा उजेडी दिसते होय? तिला काळोख लागतो. जोमाने जाळ्यावरची ताडपत्री ओढली आणि इंजिनासकट स्वतःला झाकून घेतलं.

आता विचार करा. बाहेर लाटा, खाली खडक, आणि आत मिट्ट काळोखात पेट्रोलची वाफ. मोठी ठिणगी पडली तर ताडपत्रीखालीच भडका. जोमाला हे ठाऊक होतं. त्याची पाचावर धारण बसली होती, तरी आतून तो ओरडला, “ओढा!” बुधाजीने दोरी ओढली. काळोखच. “ओढा!” पुन्हा काळोख. इंजिन बंद करायच्या बटणाची एक वायर असते, ती कुठं लोखंडाला चिकटली की ठिणगी मरते, म्हणून त्याने ती वायर सोडवून बाजूला केली. “ओढा!” तरीही काळोख.

त्याने ताडपत्री फेकली आणि शेंदरानं लिंपलेल्या डबीकडे पाहिलं. बुधाजीने त्याचं मनगट धरलं.

“तिथं हात लावू नको. आयनं बंद केलंय. देवीचं वचन हाय.”

“तांडेल,” जोमा म्हणाला, “मी बघितलं होतं. नारळाचं पानी आत गेलं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. भ्यालो. बोललो नाय.” आणि तो ढसाढसा रडायला लागला. सासवा आता एवढ्या जवळ आल्या होत्या की त्यांच्यावरची शेवाळ दिसत होती.

बुधाजी हात सोडीना. देवीची भीती एकीकडे, दर्याची एकीकडे, आणि मधे माणूस. तेव्हा चांगुणानं कमरेची सुरी काढून भावाच्या हातात दिली. नवऱ्याला म्हणाली, “देवीनं राग धरला तर घरावर धरील. घर तरी बांधता येतं.” बुधाजीने हात सोडला.

जोमाने शेंदूर खरवडला. झाकण उघडलं. आतमध्ये दोन बारीक पॉइंट असतात. ते उघडझाप करतात तेव्हा ठिणगी होते. त्यांच्यावर तेलाचा आणि गोड पाण्याचा पिवळा चिकटा बसला होता. पुसायला कोरडं फडकं हवं, आणि होडीवर कोरडं काय होतं? माणसं ओली, कपडे ओले, जाळी ओली. एक पत्र्याचा डबा तेवढा घट्ट झाकणाचा होता. त्यात काडेपेटी, आणि देवीच्या ओटीचा खण. हिरवा, नवा कोरा, परतल्यावर वाहायचा म्हणून ठेवलेला.

चांगुणानं खण कपाळाला लावला. “आई, तुझ्याच लेकरांसाठी गो,” एवढं म्हणाली आणि भावाकडे दिला.

देवीच्या खणाने जोमाने इंजिनाचा चिकटा पुसला. काडेपेटीची खरखरीत बाजू फाडून पॉइंटमधून हळूच फिरवली, पुन्हा खणानं पुसलं. पुन्हा ताडपत्रीखाली गेला. “ओढा!” आणि त्या काळोखात त्याने ती पाहिली. बारीकशी, निळी. असं म्हणतात की त्या क्षणी तो एवढा मोठ्याने हसला की खलाशांना वाटलं, याला वेड लागलं.

प्लग बसवला. बुधाजीने दोरी ओढली. इंजिन खोकलं, धडधडलं आणि सुरू झालं. आणि लगेच अडखळलं. वायरीचं टोक जुनं, कुजकं, धक्क्याने प्लगावरून निसटत होतं. बांधायला वेळ नव्हता. पहिली सासू होडीच्या फळीला घासली, करकर आवाज आला. तेव्हा जोमाने उघडी वायर मुठीत धरली आणि प्लगावर दाबून ठेवली.

इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला एक झटका. प्रत्येक झटक्याला तो किंकाळी फोडायचा, आणि हात काढत नव्हता. फटफट आवाज आणि किंकाळ्या एकमेकांत मिसळून काठावर ऐकू येत होत्या. बायकांनी कानांवर हात ठेवले. चांगुणा त्याला पाठीमागून मिठी मारून बसली, म्हणजे झटका तिलाही बसत होता. रायवंती दोन सासवांच्या मधून निघाली. कोणी म्हणतं, तेवढी जागाच तिथं नाही. मीही पाहिलं आहे, नाहीच. असं म्हणतात की सासवा त्या दिवशी जरा सरकून बसल्या.

होडी वाळूला लागली तरी जोमाची मूठ सुटेना. पेट्रोल तोडून इंजिन बंद केलं, तरी सुटेना. चांगुणानं कोमट तेल चोळून एकेक बोट उकललं. जोमाच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते.

नागूआय होडीपर्यंत आली. उघडलेली डबी पाहिली, काळा पडलेला खण पाहिला, लेकाला पाहिलं. ती जोमाजवळ बसली, आणि त्याचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेतला. त्याच रात्री वादळाने जोमाच्या झोपडीचं छप्पर उडवून नेलं. देवीनं आपला शब्द पाळला, तिचा शब्द म्हणजे शब्द. सकाळी वाडा गोळा झाला, आणि नवं छप्पर घालताना माडाच्या पात्यांचा पहिला झाप नागूआयनं स्वतः उचलून दिला.

जोमा त्यानंतर पुष्कळ जगला. तो हात मात्र कायमचा थरथरत राहिला. असं म्हणतात की काळोखात त्याच्या बोटांच्या टोकांना बारीक निळा उजेड दिसायचा, आणि त्याने नुसता तळवा ठेवला तरी इंजिनाला आपलं दुखणं आठवायचं. तो गेल्यावरही, भर वादळात कुणाचं इंजिन बंद पडलं की होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, क्षणभर निळं काहीतरी चमकतं. पाहिलेले लोक आहेत. खोटं कशाला बोलतील?

आता आडवेळला घरटी इंजिन आहे, नवं, चावी फिरवली की सुरू होणारं. तरी नारळी पौर्णिमेला नारळ वाळूवर फोडतात, इंजिनापासून लांब. ओटीत दोन खण असतात. एक देवीला, दुसरा कोरडा डब्यात, इंजिन पुसायला, आणि त्याला जोमाचा खण म्हणतात. आणि पहिल्या फेरीच्या सकाळी बहिणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात. ज्याला बहीण नाही त्याच्यासाठी वाड्यातली कुणीही बाई. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला ती हात धरून विचारते, “दादूस, भितोस?”

पुढच्याच वर्षी, पहिल्यांदा हा प्रश्न बुधाजी तांडेलाला विचारला गेला. त्याला बहीण नव्हती, म्हणून विचारायला त्याची आईच पाण्यात उतरली होती. सगळे खलाशी बघत होते. बुधाजीने आईचा हात घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भितो, आय.”

तेव्हापासून जो ‘नाय’ म्हणेल त्याला उतरवतात, मग तो कुणाचा का पोरगा असेना. शेवटचा माणूस ‘भितो’ म्हणाला की मगच इंजिन सुरू करतात.